आबांचा सदका-ए-जारिया

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात अंजनी नावाचे लहानसे गाव आहे. 16 फेब्रुवारी 2015 रोजी मुंबईहून बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी अंजनीकडे जाणारे रस्ते माणसांनी भरून गेले. रावसाहेब रामराव पाटील, म्हणजे अवघ्या महाराष्ट्राचे आर. आर. आबा, वयाच्या 57 व्या वर्षी गेले होते. चारच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर 2014 मध्ये, लोकांनी त्यांना सहाव्यांदा आमदार म्हणून निवडून दिले होते. आजाराची कुणकुण होती. पण प्रचारात गावोगाव फिरलेला माणूस इतक्या लवकर जाईल, हे कुणाच्या मनात आले नव्हते.

चांद्रवर्षाच्या हिशेबाने रमजानचा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सरकत सरकत तो आता फेब्रुवारी-मार्चच्या आसपास आला आहे. त्यामुळे आबांची पुण्यतिथी आणि रोज्यांचे दिवस जवळजवळ येऊ लागले आहेत. हा योगायोग कॅलेंडरचा आहे, त्यात दुसरे काही शोधायला नको. पण रमजान हा हिशेबाचा महिना. जकातीचा हिशेब याच दिवसांत होतो, वर्षभराच्या वागण्याचाही होतो. गेलेल्या माणसांसाठी दुआही याच दिवसांत जास्त मागितली जाते. म्हणून एक हिशेब असाही मांडायला हरकत नाही: ज्या लोकप्रतिनिधीवर एवढे प्रेम केले, त्याच्या माघारी त्या प्रेमाचे काय झाले?

इस्लाममध्ये ‘सदका-ए-जारिया’ अशी एक कल्पना आहे. सदका म्हणजे दान आणि जारिया म्हणजे चालू राहणारे, वाहते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा, की माणूस मेला की त्याच्या कर्मांचे खाते बंद होते, उघडी राहतात ती तीन खाती. लोकांच्या उपयोगी पडत राहणारे दान, लोकांच्या कामी येणारे ज्ञान आणि त्याच्यासाठी दुआ करणारी नेक संतती. कुणी विहीर खोदली, झाड लावले, मुसाफिरांसाठी सराई बांधली, तर जोवर तिथे कुणी पाणी पितो, सावलीला बसतो, तोवर ते पुण्य त्याच्या नावावर जमा होत राहते. वाचक कोणत्याही धर्माचा असो, ही कल्पना त्याला परकी वाटणार नाही. आपल्याकडच्या जुन्या बारवा, पाणपोया आणि धर्मशाळा याच भावनेतून उभ्या राहिल्या.

मात्र या कल्पनेची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. विहीर खोदणाऱ्याचे पुण्य चालू राहायचे तर विहीर वापरात राहावी लागते. गाळ काढावा लागतो, कठडा ढासळला तर बांधावा लागतो. हे काम मागे राहिलेल्यांचे आहे. विहीर बुजली आणि तिच्या कठड्यावर खोदणाऱ्याचा मोठा फोटो लावला, तर पाणी कुणालाच मिळत नाही.

आबांनी खोदलेल्या विहिरी कोणत्या, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. गरीब शेतकऱ्याच्या घरातला हा मुलगा ‘कमवा आणि शिका’ योजनेत कष्ट करत शिकला, वकिलीची पदवी घेतली. 1979 साली, विशीतच, जिल्हा परिषदेवर निवडून गेला आणि दहा-अकरा वर्षे तिथे राहिला. 1990 साली तासगावचा आमदार झाला. गावच्या राजकारणातून मंत्रालयात जाणारे पुष्कळ असतात. आबांचे वेगळेपण असे, की मंत्रालयात गेल्यावरही त्यांच्या डोक्यात गावच राहिले. 1999 नंतर ग्रामविकास खाते त्यांच्याकडे आले आणि 2000-01 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले.

या अभियानाची रचना साधी होती. सरकार गाव झाडायला पैसे देणार नाही. गावाने आपले आपण झाडायचे, तपासणी होणार आणि जे गाव सर्वांत स्वच्छ ठरेल त्याला बक्षीस मिळणार. गावोगाव माणसे हातात झाडू घेऊन बाहेर पडली. गटारे उपसली गेली, शोषखड्डे झाले, उकिरडे हलले, संडास बांधले गेले. ज्या गावात सरपंच आणि त्याचा विरोधक वर्षानुवर्षे बोलत नव्हते, तिथेही तपासणीच्या आदल्या दिवशी दोघांना एकाच रस्त्यावर उभे राहावे लागले. स्पर्धा गावाची होती, एकेका आळीची नव्हती. मोहल्ल्यातले गटार तुंबले तरी गुण गावाचे कमी होणार, मारुतीच्या पारामागे कचरा साठला तरी गावाचेच कमी होणार. एकमेकांच्या दारापुढची घाण ही आपलीही अडचण आहे, हे गावाला कळले.

स्वच्छता हा इमानचा अर्धा भाग आहे, अशी प्रेषितांची शिकवण प्रत्येक मुस्लिम मुलाला मदरशात पहिल्या काही धड्यांतच मिळते. रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणे हाही सदका मानला गेला आहे. तरीही रमजानच्या संध्याकाळी अनेक शहरांत, मशिदीच्या आत वजू करून स्वच्छ झालेली माणसे बाहेर पडतात तेव्हा रस्त्यावर केळीच्या साली, फळांच्या डिशेस आणि प्लास्टिकचे पेले पडलेले दिसतात. गणेशोत्सवाच्या विसर्जनानंतर आणि जत्रेनंतरही वेगळे चित्र नसते. सफाई कामगार सकाळी येईल, या भरवशावर सगळ्यांचा धर्म चालला आहे. ज्या मोहल्ल्यातली पोरे इफ्तारनंतर तरावीहच्या नमाजाला जाण्याआधी दहा मिनिटे रस्ता साफ करतील, त्यांनी हदीस पाळली आणि आबांची विहीरही वाहती ठेवली.

दुसरी विहीर 2007 सालची. उपमुख्यमंत्रिपद आणि गृहखाते हाती असताना आबांनी 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. बांधावरून, वाटणीवरून, पाण्याच्या पाळीवरून सुरू झालेली भांडणे कोर्टात जातात, दोन पिढ्या तारखा चालतात, जमिनीच्या किमतीपेक्षा वकिलाची फी जास्त होते. आबांनी हे जिल्हा परिषदेत असल्यापासून पाहिले असणार. म्हणून ग्रामसभेने समिती नेमावी, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवावे, कायद्याने मिटवता येण्याजोगे तंटे गावातच मिटवावेत आणि नवे तंटे होऊ नयेत म्हणून आधीच काळजी घ्यावी, अशी ही योजना. सण-उत्सव शांततेत पार पाडणे, जाती-धर्मांतला सलोखा राखणे, हेही गावाच्या कामातच धरले गेले.

कुरआनमध्ये दोन गटांत भांडण झाले तर त्यांच्यात समेट घडवा, आणि तो न्यायाने घडवा, असा आदेश आहे. एका हदीसमध्ये तर समेट घडवण्याचा दर्जा नफिल रोजे, नमाज आणि दानापेक्षाही वरचा सांगितला आहे. आपसातली फूट ही वस्ताऱ्यासारखी असते, ती माणसाचा धर्मच भादरून टाकते, असा इशाराही तिथे आहे. तिसाही रोजे ठेवणारा माणूस सख्ख्या भावाशी दहा वर्षे बोलत नसेल, तर त्याने या हदीसपाशी थोडे थांबावे.

‘न्यायाने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तंटामुक्त मोहिमेवर टीका झाली ती इथेच. बक्षिसाच्या ओढीने आकडे फुगवले गेले, काही ठिकाणी दुबळ्या बाजूला ‘मिटवून घे’ म्हणून दटावले गेले, असे आक्षेप घेतले गेले आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. दलित कुटुंबावर किंवा एखाद्या बाईवर झालेला अत्याचार पारावर बसून मिटवणे याला समेट म्हणत नाहीत. तिथे पोलीस आणि न्यायालय हाच रस्ता आहे. पण गाळ साचला म्हणून विहीर बुजवायची नसते. बक्षिसांचा उत्साह ओसरला आणि पुष्कळ गावांत समिती ग्रामपंचायतीच्या फलकापुरती उरली, हे मोठे नुकसान झाले.

ते नुकसान किती, हे अलीकडच्या काही घटनांवरून कळते. सांगली जिल्हा सलोख्याचा जुना जाणकार. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याला सर्व धर्मांचे लोक जातात. कडेगावचे उंच ताबूत हिंदू-मुस्लिम मिळून उचलतात. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो. तरीही याच जिल्ह्यातल्या मिरजेत 2009 च्या गणेशोत्सवात दंगल झाली आणि संचारबंदी लागली. शेजारच्या कोल्हापुरात जून 2023 मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहर पेटले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून हिंसाचार झाला आणि एकाचा जीव गेला. जुना सलोखा आपोआप टिकत नाही. आजचा तंटा बांधावर जन्माला येत नाही, तो खिशातल्या मोबाइलवर जन्मतो आणि रात्रीतून गावभर पोचतो. पोलिसांची गाडी यायला वेळ लागतो. त्या मधल्या दोन तासांत गावात अशी पाच-सात माणसे लागतात, ज्यांचा फोन दोन्ही बाजूंचे लोक उचलतील. तंटामुक्त समिती जिवंत असणे याचा आज हाच अर्थ आहे. ईदच्या आधी, रामनवमी-हनुमान जयंतीच्या आधी, गणपतीच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, चहा-बिस्किटे होतात, फोटो निघतो. तेवढ्याने भागत नाही. भांडण नसताना एकमेकांकडे जाणे-येणे असेल तरच भांडणाच्या रात्री शब्दाला किंमत राहते. रमजानमधली इफ्तार आणि दिवाळीचा फराळ यांना म्हणूनच गावगाड्यात जागा आहे. त्यात पुढारी नसले आणि शेजारी असले तर अधिक बरे.

आबांवर लिहिताना त्यांच्या चुका गाळून चालणार नाही. मेलेल्यांना शिव्या देऊ नका, ते आपल्या कर्मांपाशी पोचले आहेत, असे हदीस सांगते. तिचा मान राखायलाच हवा. पण सार्वजनिक पदावरच्या माणसाच्या कारभाराचे मोजमाप करणे म्हणजे त्याची निंदा नव्हे. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर, मोठ्या शहरांत असे लहानसहान प्रकार होतात, अशा अर्थाचे वाक्य त्यांच्या तोंडून गेले. देश शोकात होता. ते वाक्य लोकांना लागले. आबांना उपमुख्यमंत्रिपद आणि गृहखाते सोडावे लागले. 2014 च्या प्रचारातही एका अनुचित वाक्याबद्दल त्यांना माफी मागावी लागली. डान्सबारवरची 2005 सालची बंदी अनेक कुटुंबांना दिलासा वाटली. पण त्या बायकांच्या पोटाचे काय, या प्रश्नाचे उत्तर सरकारकडे नव्हते आणि सर्वोच्च न्यायालयात 2013 साली ती बंदी टिकली नाही. रोजा पोटाचा असतो तसा जिभेचाही असतो, ही रमजानची शिकवण सत्तेतल्या माणसाला तर फारच लागू आहे.

तरीही लोकांनी आबांना माफ केले, कारण पद गेल्यावर हा माणूस रुसून बसला नाही. 2009 साली पुन्हा गृहमंत्री झाल्यावर त्यांनी गडचिरोलीचे पालकमंत्रिपद घेतले. ज्या जिल्ह्याचे नाव काढले की इतरांना लांबचा प्रवास आणि नक्षलवादी आठवत, तिथे ते जात राहिले. पोलीस भरतीत वशिला आणि पैसा चालू नये म्हणून त्यांनी धरलेला आग्रह आजही पोलिसांच्या घराघरांत सांगितला जातो. शेतमजुराचा, हमालाचा, पंक्चर काढणाऱ्याचा मुलगा केवळ मैदानावर धावून पोलीस होऊ शकतो, हा विश्वास ही फार मोठी गोष्ट होती.

आता सर्वांत अवघड भाग. आबा गेले ते तोंडाच्या कर्करोगाने. त्यांना तंबाखूची सवय होती, हे सर्वांना माहीत होते. एवढा कष्टाळू, साधा राहणारा, दारूविरुद्ध बोलणारा माणूस एका पुडीपुढे हरला. 2012 साली राज्यात गुटखाबंदी झाली तेव्हा गृहखाते त्यांच्याचकडे होते. ज्या नेत्यावर लाखोंनी जीव ओवाळला, त्याच्या हातातली पुडी काढून घेण्याइतके प्रेम त्या लाखांना जमले नाही. हे एकट्या आबांपुरते नाही. आपल्याकडे नेत्याला तलफ आली की तंबाखू मळून पुढे करणारे हात दहा असतात. ‘साहेब, आता बास’ म्हणणारे तोंड एखादेच, आणि त्यालाही गप्प केले जाते.

इस्लामचे पहिले खलिफा हजरत अबू बकर (रजि.) यांनी कारभार हाती घेताना लोकांना जे सांगितले त्याचा मथितार्थ असा, की मी तुमच्यातला सर्वांत चांगला नाही, बरोबर वागलो तर मदत करा, चुकलो तर सरळ करा. प्रेमाची ही रीत आहे. पुढाऱ्याच्या मागे ‘आगे बढो’ म्हणत धावणे सोपे असते. त्याला अडवणे, त्याची चूक तोंडावर सांगणे, त्याच्या तब्येतीसाठी त्याच्याशी भांडणे, हे खऱ्या माणसाचे काम आहे. लोकप्रतिनिधी ही लोकांची अमानत आहे, ठेव आहे. ठेव जपायची जबाबदारी ठेवणाऱ्याचीही असते.

2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात दर चार प्रौढांमागे किमान एक जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतो, आणि त्यातले बहुतेक जण ती ओढत नाहीत, तोंडात ठेवतात. पश्चिम महाराष्ट्रात मावा, विदर्भात खर्रा, घरोघरी म्हाताऱ्या बायकांची मिश्री. बंदी असलेला गुटखाही टपरीवर मागेल त्याला मिळतो. यात हिंदू-मुसलमान असा काही फरक नाही. कर्करोगाच्या वॉर्डात सगळेच शेजारी शेजारी झोपलेले असतात.

पण रोजेदाराकडे एक पुरावा असतो, जो इतरांकडे नसतो. पहाटे सहरी आटोपली की सूर्यास्तापर्यंत, तेरा-चौदा तास, तो तंबाखूला हात लावत नाही. एरवी तासाभरात बेचैन होणारा, जेवण नसले तरी चालेल पण पुडी हवी म्हणणारा माणूस दिवसभर गवंडीकाम करतो, रिक्षा चालवतो, दुकान सांभाळतो आणि पुडीला शिवत नाही. हे तो एक दिवस करत नाही, महिनाभर करतो. ‘सुटत नाही हो’ हे वाक्य तिथेच खोटे पडते. दुःख असे, की मगरिबची अजान होते, खजूर तोंडात जातो आणि पाणी पिऊन होते ना होते तोच हात खिशाकडे जातो. तरावीह संपल्यावर मशिदीसमोरच्या टपरीवर गर्दी होते. चौदा तास अल्लाहसाठी जपलेले तोंड उरलेल्या दहा तासांत पुन्हा त्याच विषाच्या हवाली केले जाते. स्वतःच्या हाताने स्वतःला नाशात लोटू नका, असा कुरआनचा इशारा आहे. तो जुम्म्याच्या खुत्ब्यात तंबाखूचे नाव घेऊन सांगितला गेला, तर ऐकणाऱ्यांच्या बायका-मुलांची दुआ इमामसाहेबांना लागेल. हीच गोष्ट कीर्तनकाराने कीर्तनात, शाळामास्तरांनी वर्गात सांगितली तर गावाला ती कळायला वेळ लागणार नाही. सवय जुनी असेल तर डॉक्टरांची मदत घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

आबांच्या माघारी एप्रिल 2015 च्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांच्या पत्नी सुमनताईंना निवडून दिले, 2019 साली पुन्हा दिले आणि 2024 साली मुलगा रोहित अवघ्या पंचविशीत आमदार झाला. लोकांनी आपले प्रेम मतपेटीत दाखवले. पण हदीसमधली नेक संतती केवळ रक्ताची कशाला मानायची? आबांच्या भरतीत पोलीस झालेला जवान, ग्रामस्वच्छतेत गटार उपसलेला सरपंच, तंटामुक्त समितीत भावाभावांचे हात एकमेकांच्या हातात दिलेला म्हातारा पोलीस पाटील, हे सगळे त्यांच्या माघारी राहिलेले आहेत. त्यांच्या हातून काम चालू राहिले तर खाते उघडे राहील.

जयंती-पुण्यतिथीला फोटोला हार घालणे चूक नाही. पण आबांच्या आठवणीत कुणाला खरेच काही करायचे असेल, तर रमजानचे दिवस त्याला सोयीचे आहेत. आपल्या गल्लीतला रस्ता झाडावा. ज्याच्याशी बोलणे टाकले आहे त्याच्या दारात ईदच्या आधी जाऊन यावे. आणि इफ्तारनंतर खिशाकडे गेलेला हात तिथेच थांबवावा. मुसलमान नसलेल्यांनी चांदची वाट पाहायची गरज नाही. यातले प्रत्येक काम उद्या सकाळीही सुरू करता येते.